वाचक विचारतात : रॉक-मेटलच्या मैफलीला जाताना

मागील अंकात मी रत्नागिरीहून रॉक आणि मेटल या विजेच्या गिटारींच्या दणदणीत पाश्चात्त्य संगीताच्या मैफलींसाठी केलेल्या प्रवासांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत कौतुकापेक्षा प्रश्न अधिक होते आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला, कारण ज्याला जायचे असते तोच प्रश्न विचारतो. मिळतेजुळते प्रश्न मी एकत्र केले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे न देता केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : माझा मुलगा यंदा बारावीत आहे. मुंबईला एका मेटल बँडच्या कार्यक्रमाला जायचे म्हणून हट्ट धरून बसला आहे. त्याने दाखवलेल्या व्हिडिओत मुले एकमेकांच्या अंगावर धावून जात होती, ढकलत होती. ते पाहून माझ्या पोटात गोळाच आला. ही मारामारी नव्हे तर काय? त्याला पाठवावे का? (एक आई, देवगड)

उत्तर : ताई, तुम्ही पाहिलेल्या प्रकाराला मोश पिट म्हणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती मारामारी वाटते, आणि तसे वाटण्यात काही चूक नाही. माझ्या आईलाही तसेच वाटले होते. मी तिला आमच्याकडच्या शिमग्याची आठवण करून दिली. सहाणेसमोर पालखी नाचवताना ढोल टिपेला पोहोचतो, खांदेकरी घामाने न्हाऊन निघतात, मागचा पुढच्यावर आणि पुढचा मागच्यावर आदळतो. पण तिथे कोणी कोणाला मारत नसतो, आणि एखाद्याचा पाय घसरला तर शेजारचा न सांगता दांड्याखाली खांदा देतो. मोश पिटमध्ये जाणारी मुले त्याच जातीच्या आनंदात असतात. खांदा लावायचा, पण ठोसा मारायचा नाही; कोपर वर काढायचे नाही; जो कडेला उभा आहे त्याला ओढून आत आणायचे नाही; आणि कोणी पडला तर सर्वांनी आपापले नाचणे थांबवून आधी त्याला उचलायचे. हे नियम कुठे फलकावर लिहिलेले नसतात, तरीही जुने चाहते ते नव्यांना शिकवत आले आहेत.

मुंबईतील एका कार्यक्रमात मी पिटच्या कडेला उभी होते. ऐन गाण्यात एका मुलाचा चष्मा पडला आणि तो खाली वाकला. वाकलेला माणूस अशा ठिकाणी सर्वांत असुरक्षित असतो. क्षणात पाच-सहा जणांनी त्याच्याभोवती हात पसरून कडे केले, दोघांनी मोबाइलचा उजेड जमिनीवर धरला, आणि काळ्या टी-शर्टातल्या एका धिप्पाड माणसाने तो चष्मा उचलून स्वतःच्या टी-शर्टाला पुसला आणि त्या मुलाच्या कानांवर नीट बसवला. त्यानंतर कडे सुटले आणि सगळे पुन्हा नाचू लागले. या सर्वाला वीस सेकंदही लागली नसतील.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा गर्दीचे व्हिडिओ अभ्यासून २०१३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मोश पिटमधील माणसांची हालचाल वायूच्या रेणूंच्या स्वैर हालचालीसारखी असते आणि गोल फिरणारा सर्कल पिट भोवऱ्यासारखा वागतो, असे त्यांना आढळले. आपल्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी की या भोवऱ्याला कड असते. त्या कडेच्या बाहेर राहण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असते आणि मैदानातील बहुसंख्य माणसे बाहेरच असतात.

खरी काळजी करायची ती निराळ्या जागेची, म्हणजे मंचासमोरच्या कठड्याला लागून दाटणाऱ्या गर्दीची. ३० जून २००० रोजी डेन्मार्कमधील रोस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम या बँडच्या कार्यक्रमात पुढच्या भागातील चेंगराचेंगरीत नऊ तरुण दगावले. तिथे मारामारी झालेली नव्हती. मागून येणारा दाब, ओली जमीन आणि पडलेल्यांना उठायला जागा नसणे, एवढे पुरेसे ठरले. म्हणून मुलाला पुढील गोष्टी शिकवून पाठवा. आपले हात आपल्या मर्जीने वर-खाली करता येत नाहीत अशी दाटी झाली की गाणे कितीही आवडते असले तरी तिथून निघायचे. निघताना लोटाच्या विरुद्ध जोर करायचा नाही. गर्दी पुढे-मागे हेलकावते, त्या दोन हेलकाव्यांच्या मधल्या क्षणी तिरके कडेला सरकायचे. दोन्ही हात मुष्टियोद्ध्यासारखे छातीसमोर धरायचे, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. आणि काही पडले तर ते उचलायला एकट्याने वाकायचे नाही.

पाठवावे का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे. मात्र तिकिटावरील वयाची अट आधी वाचा, कारण काही कार्यक्रमांना अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो आणि काही ठिकाणी पालक सोबत असावे लागतात. आणखी एक सुचवते : शक्य असेल तर तुम्हीही जा. मैदानाच्या मध्यावर जिथे ध्वनिसंयोजकाचा तंबू असतो, त्याच्या कडेला उभ्या राहा. तिथे धक्काबुक्की नसते आणि आवाजही सर्वांत चांगला येतो, कारण सगळे वादन त्या जागी बसलेल्या माणसाच्या कानांनी जुळवलेले असते.

प्रश्न : गेल्या महिन्यात पुण्याला एका बंद सभागृहात पहिला मेटल गिग पाहिला. बाहेर आलो तेव्हा कानांना दडे बसले होते आणि दोन दिवस आत रातकिडे ओरडल्यासारखा किर्र आवाज येत होता. आता बरे वाटते. हे सर्वांनाच होते, असे मित्र म्हणतात. खरे आहे का? (एक विद्यार्थी, चिपळूण)

उत्तर : पुष्कळांना होते हे खरे आहे, पण म्हणून ते चालण्यासारखे आहे, असे मुळीच नाही. या प्रश्नावर मी जरा तपशिलात लिहिणार आहे, कारण माझ्या डाव्या कानात तो किर्र आवाज कायमचा राहिला आहे. काही वर्षांपूर्वी एका छोट्या सभागृहात मी हौसेने थेट स्पीकरच्या भिंतीपाशी जागा धरली आणि अडीच तास तिथून हलले नाही. दुसऱ्या दिवशी कमी होईल, आठवड्याने जाईल, असे म्हणत राहिले. आजही रात्री घर शांत झाले की तो ऐकू येतो. पूर्वी अशा वेळी मला मिऱ्याच्या किनाऱ्यावरची गाज स्पष्ट ऐकू येत असे. आता ती त्या आवाजाच्या मागून येते.

आपल्या अंतर्कर्णात शंखासारखा वेटोळ्यांचा एक भाग असतो आणि त्यात प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या डोलतात आणि मेंदूला संदेश जातो. भाताचे शेत वाऱ्याने लवते आणि पुन्हा उभे राहते, तशा त्याही थोड्या माराने लवून काही तासांनी किंवा दिवसांनी सावरतात. दडे बसून सुटतात ते यामुळे. पण वादळाने शेत आडवे झाले तर ते उठत नाही, आणि या पेशी एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. दोन दिवस ऐकू आलेला किर्र आवाज हा तुमच्या कानाने दिलेला इशारा आहे.

आता आकडे पाहू. अमेरिकेतील व्यवसायजन्य आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने ८५ डेसिबल आवाजाला आठ तासांची मर्यादा सांगितली आहे आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ती निम्म्यावर येते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. मेटलच्या कार्यक्रमात १०० च्या वर आवाज जाणे नेहमीचेच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी मानक जाहीर करताना सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा, आवाजाची सतत मोजणी, श्रोत्यांना इअरप्लग देणे आणि शांत विश्रांतीची जागा ठेवणे या गोष्टी सुचवल्या. आपल्याकडे आयोजकांनी हे सर्व करेपर्यंत वाट पाहू नका. आपला बंदोबस्त आपण करावा.

औषधांच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात आणि त्यांची किंमत मैदानातल्या पाण्याच्या एका बाटलीहून फारशी जास्त नसते. बहुतेक जण ते नुसते कानाच्या तोंडाशी अडकवतात आणि मग उपयोग होत नाही अशी तक्रार करतात. फोम दोन बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, वात आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. नीट बसला की स्वतःचा आवाज डेऱ्यात बोलल्यासारखा घुमतो. फोममुळे वरच्या पट्टीतले स्वर जास्त दबतात, त्यामुळे गिटार थोडी मळकट ऐकू येते. वारंवार जाणार असाल तर वादक वापरतात तसे फिल्टरचे इअरप्लग घ्या, ते सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच खाली आणतात. ढोलाचा जो धक्का छातीत जाणवतो, तो इअरप्लगने जात नाही, कारण तो मुळात कानाने ऐकायचा नसतोच.

मधल्या बँडच्या वेळी दहा-पंधरा मिनिटे स्पीकरपासून दूर जाऊन या. पुढच्या वेळी किर्र आवाज एक-दोन दिवसांत गेला नाही, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर घरगुती तेल वगैरे न घालता तातडीने कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचार जितके लवकर सुरू होतील तितके बरे. मी उशीर केला होता.

प्रश्न : हेडबँगिंग (गाण्याच्या लयीवर डोके जोरजोरात हलवणे) केल्यावर तीन दिवस मान वळत नाही. उपाय? (खेड)

उत्तर : डोके फेकू नका. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याच विषयावर निबंध लिहिला. हेडबँगिंगच्या सरासरी गाण्याची लय मिनिटाला १४६ ठोके असते आणि त्या लयीत डोके ७५ अंशांपेक्षा अधिक कोनातून हलवले तर डोक्याला सौम्य इजा होऊ शकते, असे त्यांनी गणिताने मांडले. हालचाल लहान ठेवा, कमरेतून लवा, दर ठोक्याऐवजी एकाआड एक ठोका घ्या, आणि कार्यक्रमापूर्वी मान सैल करून घ्या. मानेपासून हाताकडे मुंग्या येत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक आहे आणि गेली चाळीस वर्षे भजनाला पेटीची साथ करतो. नातवाच्या आग्रहाने हे संगीत ऐकले. मला त्यात गोंगाटापलीकडे काही सापडले नाही. शिवाय ही मुले बोटांची शिंगे करून दाखवतात ते सैतानाचे चिन्ह आहे, असे कोणी सांगितले. आपण यावर प्रकाश टाकावा. (राजापूर)

उत्तर : गुरुजी, नातवासाठी आपण हे ऐकायला बसलात, याचेच मला मोल वाटते. शिंगांपासून सुरुवात करते. ही खूण मेटलमध्ये रूढ झाली ती मुख्यतः रॉनी जेम्स डिओ या गायकामुळे. १९७९ मध्ये तो ब्लॅक सबाथ या बँडमध्ये आला आणि मंचावरून श्रोत्यांना ही खूण करू लागला. त्याचे घराणे मूळचे इटालियन, आणि त्याने सांगितल्याप्रमाणे ही खूण त्याच्या आजीची होती. कोणाची वाईट नजर लागू नये म्हणून ती रस्त्याने जाताना तशी बोटे करत असे. आपल्याकडे आजी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढते, त्याच कुळातली ही गोष्ट आहे. पुढे काही बँडनी भयाची आणि अंधाराची चित्रे मुद्दाम वापरली हे खरे. पण मैदानात वीस हजार हात वर जातात तेव्हा त्यांचा अर्थ ‘आम्ही आहोत’ एवढाच असतो.

आता गोंगाटाविषयी. आपण पेटीवाले आहात, म्हणून खर्जाच्या वाटेने सांगते. पखवाजाच्या धुमेला कणीक लावतात, कारण ती लावल्याशिवाय तो भरदार खर्ज निघत नाही, आणि कणीक किती लावायची ते वादक थापेगणिक ठरवतो. मेटलचा खर्जही असाच एका हाताच्या गरजेतून घडला. ब्लॅक सबाथचा गिटारवादक, इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. तिथे यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबण्याची बोटे तीच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, आणि हलक्या तारा लावल्या, म्हणजे दाबताना कमी दुखावे. त्यातून जो जड, संथ, दाट आवाज निघाला, त्यावर ब्लॅक सबाथने १९७० मध्ये आपली पहिली ध्वनिमुद्रिका काढली आणि हेवी मेटलचा उगम बहुतेक जाणकार तिथेच मानतात. पुढे तारा सैल करून त्याने गिटार आणखी खालच्या स्वरात लावली. ५ जुलै २०२५ रोजी त्याच बर्मिंगहॅममध्ये या बँडचे मूळचे चौघे अखेरचे एकत्र वाजवायला उभे राहिले. गायक ऑझी ऑस्बॉर्न सिंहासनावर बसून गायला, आणि त्यानंतर सतराच दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला.

आपणास एक विनंती करते. डबलबारीच्या सामन्यात दोन्ही बुवा गजरावर येतात, पखवाज, चकवा आणि टाळ द्रुत लयीत भिडतात, तेव्हा शब्द कोणालाच नीट ऐकू येत नाहीत, तरीही मंडपातला एकही माणूस उठत नाही, हे आपण अनेकदा अनुभवले असेल. नातवाला सांगून असेच एखादे गाणे पुन्हा लावा, आणि या वेळी गायकाकडे लक्ष न देता केवळ ढोलवादकाच्या दोन पायांकडे कान द्या. दोन पायांनी दोन पायडल दाबून तो जी लग्गी चालवतो, ती समेवर कशी आणतो ते आपल्या कानाला लगेच कळेल. त्यानंतरही आवडले नाही तर काही बिघडत नाही. पण गोंगाट हा शब्द आपण वापरणार नाही, अशी माझी खात्री आहे.

प्रश्न : कार्यक्रम मुंबईत रात्री दहाला संपतो. त्याच रात्री परत निघता येते का? मुक्कामाचा खर्च परवडत नाही. (कुडाळ)

उत्तर : येते, आणि कोकण रेल्वेने ही सोय आपल्याला चांगलीच करून दिली आहे. जाताना आदल्या रात्री कोकणकन्येने निघाले की पहाटे मुंबईत. परतीला कोकणकन्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून अकराच्या सुमारास सुटते. मैदानातून बाहेर पडायलाच पाऊण तास लागतो, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नये. त्यापेक्षा दादरहून मध्यरात्रीनंतर, बारा वाजून पाच मिनिटांनी सुटणारी तुतारी एक्स्प्रेस धरावी. महालक्ष्मी रेसकोर्सवर कार्यक्रम असेल तर महालक्ष्मी स्थानकातून पश्चिम रेल्वेने दादर जवळच आहे. नेरूळच्या स्टेडियममध्ये असेल तर उलटे मुंबईत न जाता हार्बर लोकलने पनवेल गाठून गाडी तिथे पकडावी. दुपारच्या जेवणापर्यंत कुडाळला पोहोचाल.

इथे एक चूक हमखास होते आणि ती माझ्या हातूनही झालेली आहे. बारा वाजून पाच मिनिटे म्हणजे तारीख बदललेली असते. कार्यक्रम शनिवारी असेल तर आरक्षण रविवारच्या तारखेचे करायचे. मी शनिवारचे केले होते, आणि घामेजलेल्या टी-शर्टात दादरच्या फलाटावर उभी असताना तपासनिसांनी मला समजावून सांगितले की ताई, तुमची गाडी कालच गेली. रेल्वेचे आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडते, म्हणून कार्यक्रमाचे तिकीट घेतले त्याच दिवशी रेल्वेची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक निराळे असते, ते निघण्याआधी पाहून घ्यावे.

बंगळूरला जायचे झाल्यास आंबोली घाटाने बेळगाव आणि तिथून रात्रीची गाडी हा आपल्या भागातून सरळ मार्ग आहे. मात्र कार्यक्रम रद्द होऊ शकतो हे मनाशी धरून परतावा मिळेल असेच तिकीट काढावे. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटॅलिका हा अमेरिकन मेटल बँड भारतात आला तेव्हा २८ तारखेचा गुरुग्रामचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला आणि ३० तारखेचा बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवरचा मात्र झाला. लांबून आलेल्या कित्येकांची तेव्हा तारांबळ उडाली. प्रवेशाचे तिकीट मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा आणि त्याची एक छापील प्रतही जवळ असू द्या, कारण हजारो माणसे एका जागी जमली की इंटरनेट चालत नाही.

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे. मैत्रिणींपैकी कोणालाच हे संगीत आवडत नाही. एकटीने जावे का? घरी ‘एकटी मुलगी आणि ती गर्दी’ हे एवढेच वाक्य ऐकू येते. (मालवण)

उत्तर : १ फेब्रुवारी २००८ रोजी मी वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडन हा इंग्लंडचा मेटल बँड ऐकायला एकटीच गेले होते. त्यांच्या त्या जगदौऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम, आणि त्या दौऱ्यासाठी बँडने घेतलेले बोइंग ७५७ विमान स्वतः गायक ब्रूस डिकिन्सन चालवत असे. दुपारपासून रांगेत उभी होते. माझ्या पुढे नागपूरहून आलेले दोन भाऊ होते, मागे कोलकात्याची एक मुलगी. चार तासांत आम्ही डबे वाटून खाल्ले. माझ्याजवळ आईने दिलेल्या घावन-चटणीचा डबा होता आणि तो सर्वांत आधी संपला. दिवे मालवण्यापूर्वी मेडनच्या कार्यक्रमात यूएफओ या बँडचे एक जुने गाणे लावण्याचा रिवाज आहे. ते सुरू झाले तेव्हा त्या कोलकात्याच्या मुलीने माझा हात धरला होता. एकटी गेले होते, पण पाच मिनिटेही एकटी नव्हते.

हे सांगितले म्हणून सगळीकडे सगळे भलेच भेटतात, असे मी म्हणणार नाही. गर्दीचा गैरफायदा घेणारे हात मेटलच्या मैदानातही असतात आणि मला त्यांचा अनुभव आहे. त्यावर मी जे करते ते लिहिते. आत शिरताच आधी बाहेर पडायचे दोन मार्ग आणि प्रथमोपचाराचा तंबू पाहून ठेवते. मंचासमोर अगदी मध्यावर न थांबता कठड्याच्या टोकाला, सुरक्षारक्षक दिसेल अशा ठिकाणी जागा धरते. शेजारच्या मुलींशी पहिल्या दहा मिनिटांत ओळख करून घेते. कोणी हात लावलाच तर गप्प राहून जागा बदलत नाही. मोठ्याने ओरडून त्याच्याकडे बोट दाखवते. मेटलचे जुने चाहते याबाबत कडक आहेत. अशा माणसाला आजूबाजूच्यांनीच धरून सुरक्षारक्षकांच्या हवाली केलेले मी दोनदा पाहिले आहे. पोलिसांच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहेच. परतीची व्यवस्था कार्यक्रमापूर्वी ठरलेली असावी, बूट बंद असावेत, केस बांधलेले असावेत आणि मोबाइल चेनच्या खिशात असावा. घरच्यांना गाडी क्रमांक आणि पोहोचण्याची वेळ कागदावर लिहून द्या. माझ्या अनुभवात वादविवादापेक्षा त्या कागदाने काम लवकर होते.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीतील चार मित्र गेली दोन वर्षे मेटल वाजवतो. सराव आंब्याच्या जुन्या गोदामात चालतो. आपल्या भागात असा कार्यक्रम करणे शक्य आहे का, की मुंबईलाच जावे लागेल? (रत्नागिरी)

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. शक्य आहे, पण लहान, आणि कायदा नीट समजून घेऊन करावे लागेल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही; वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी बारापर्यंत सवलत देऊ शकते, आणि ते दिवस सणांतच संपतात. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित केलेला असू शकतो. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात १९८० मध्ये द पोलिस हा इंग्रज बँड वाजवून गेला, १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरू लागला आणि भारतातील कित्येक बँड त्या मंचावर मोठे झाले. पण ती जागा शांतता क्षेत्रात आल्यामुळे तिथले कार्यक्रम थांबले. तेव्हा जागा निवडताना आधी आजूबाजूला काय आहे ते पायी फिरून पाहा.

माझा सल्ला असा की मैदानाचा विचार तूर्त सोडा आणि दोनशे माणसांचे बंद सभागृह किंवा तेच गोदाम घ्या. दुपारी चारला सुरू करून आठला संपवा, म्हणजे शेवटच्या एसटीने येणारे-जाणारे पाहुणे घरी पोहोचतील. ध्वनिवर्धकाची परवानगी पोलिस ठाण्यातून लेखी घ्या. शेजारच्या घरी आधी स्वतः जाऊन सांगा; ज्यांना आमंत्रण असते ते तक्रार करत नाहीत. कौलारू गोदामात आवाज छतातून निसटतो आणि आत घुमतोही, म्हणून भिंतींना गोणपाट किंवा जुन्या गाद्या लावा आणि ढोलाखाली जाड सतरंजी घाला. मार्चच्या पुढे आत उकाड्याने वादक बेजार होतील, शिवाय तेव्हा गोदाम आंब्याला लागेल, डिसेंबर-जानेवारी बरा. वीज जाणार हे धरून जनित्र आणा आणि त्याचा भार आधी तपासून घ्या, नाहीतर पहिल्याच ठेक्याला अँप्लिफायर बंद पडेल.

आपण लहान गावातले आहोत, हे मनात आणू नका. जर्मनीच्या उत्तरेकडील वाकेन हे दोनेक हजार वस्तीचे शेतकऱ्यांचे गाव आहे. १९९० मध्ये तिथे काही तरुणांनी खडीच्या जुन्या खाणीत काही बँड बोलावून कार्यक्रम केला आणि आज जगभरचे चाहते उन्हाळ्यात त्या गावाची वाट धरतात. २०१९ मध्ये दिल्लीचा ब्लडीवुड हा बँड ढोल घेऊन तिथे वाजवून आला. थिबा राजवाड्याच्या प्रांगणात थंडीत शास्त्रीय गायन ऐकायला आपल्याकडचे लोक रात्री शाली पांघरून बसतात, म्हणजे ऐकणारे कान रत्नागिरीत आहेत.

तारीख ठरली की मला कळवा. मंचाच्या एका बाजूला चार खुर्च्या मोकळ्या ठेवा, कोणाला गरगरले तर बसायला लागतात, आणि पाण्याचा माठ आत ठेवा. दारापाशी ठेवायला इअरप्लगचे खोके मी घेऊन येईन.